हलेल ते मोज

माती संशोधनाच्या त्या संस्थेत तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठ वळली की कात्री. हे तिला ठाऊक होतं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तिने वाईट वगैरे वाटून घेतलं नाही. 'बाई'पेक्षा बरं आहे, निदान काही कामाचं तरी आहे, एवढंच ती म्हणाली.

कागदोपत्री ती शास्त्रज्ञ होती. पण संस्थेतून जर्नलला जाणारा प्रत्येक शोधनिबंध आधी तिच्या टेबलावरून जायचा, आणि जाताना बारीक होऊन जायचा. लोकांना लिहायची हौस फार. 'येथे हे आवर्जून नमूद करणे अत्यंत महत्त्वाचे ठरेल की' असं कोणी लिहिलं की ती त्यावर हिरवी रेघ मारायची आणि म्हणायची, "महत्त्वाचं असेल तर नमूद करा, नसेल तर गप्प बसा." गोषवारा शब्दमर्यादेत बसत नाही म्हणून रडत आलेले लोक तिच्याकडून हसत जायचे, पण घरी जाऊन पुन्हा वाचलं की परत रडकुंडीला यायचे. "माझा पेपर पार भादरला हो बाईंनी," अशी तक्रार जेवणाच्या सुट्टीत एकदा तरी व्हायचीच. आणि तक्रार करणारा पुढचा निबंध घेऊन पुन्हा तिच्याच दाराशी उभा. अडला हरी, दुसरं काय.

कात्रीचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. माणूस बोलका, पण घरात मोजून मापून बोलायचा. पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दोनदा वाचून घ्यावं लागतं." हे ऐकून ती हसायची आणि म्हणायची, "दोनदा वाचूनही एवढं लांब?"

इतक्या निबंधांवर तिचा हात फिरला, पण तिचं स्वतःचं नाव त्यांत असलंच तर रांगेत मधे कुठेतरी, लग्नाच्या फोटोतल्या लांबच्या मावशीसारखं. पहिलं नाव तिचं असा एकही निबंध नव्हता. याचं दुःख होतं का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर होतं, असंच ती म्हणाली असती. निवृत्तीची उरलेली वर्षं बोटांवर मोजता येऊ लागली तेव्हा ते दुःख जरा वाढलं.

मग संस्थेत लिफ्ट बसवायची ठरली, आणि जिन्याखालची कोठी रिकामी करायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

कोठीत सरांच्या बरण्या होत्या. सर म्हणजे तिचे गुरू. कधीच निवृत्त झालेले, पण त्यांच्यानंतर संस्थेत दुसऱ्या कोणाला नुसतं 'सर' म्हणण्याची पद्धत पडली नाही. तरुणपणी त्यांनी एकच मोठी गोष्ट दाखवून दिली होती: माती खणली की गांडुळं वाढतात, तीही दुपटीने. त्या एका निष्कर्षावर सरांचं नाव झालं आणि सरांच्या नावावर संस्था उभी राहिली. सभागृहात त्यांचा हातात कुदळ घेतलेला फोटो होता. शेतकऱ्यांना वाटायच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, 'खणा आणि वाढवा'. त्या वेळची गांडुळं मद्यार्कात घालून बरण्यांत ठेवली होती, वाफ्यांच्या चिठ्ठ्यांसकट. संचालक म्हणाले, "लहान बरण्यांत भरा नाहीतर टाकून द्या." कात्रीला टाकवेना. ती एकेक बरणी ताटात ओतून लहान बरण्यांत भरायला बसली.

न खणलेल्या वाफ्यांच्या बरण्यांत सगळी गांडुळं अख्खी होती. तिथे जमिनीवर औषधाचं पाणी ओतलं की ती आपणहून वर यायची, वेचून घ्यायची, झालं. खणलेल्या वाफ्यांतली मात्र मातीतून हाताने निवडलेली होती, आणि त्या बरण्यांत नुसता चुरा. तिने भिंगाखाली पाहिलं. दोन तोंडांचं एकही नव्हतं, पण तोंडच नसलेली खंडीभर होती.

गांडूळ कापलं की त्याची दोन गांडुळं होतात अशी पोरासोरांची समजूत असते. तसं काही होत नाही. शेपटाकडचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि मरतो. म्हणून तुकडे मोजायचे झाले तर फक्त तोंडाकडचे मोजायचे, हे आज पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगतात. त्या काळी कोणी सांगितलं नव्हतं. कात्रीने तोंडं मोजली, आणि सरांची दुप्पट गांडुळं जेमतेम निम्मी भरली, आणि तीही तुटलेली. खणल्याने गांडुळं वाढत नव्हती. खणल्याने ती मरत होती, आणि मेलेली दोनदा मोजली गेली होती.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. गुपचूप त्याच वाफ्यांवर नव्याने मोजणी सुरू केली, एकदा नाही, कितीतरी हंगाम. उत्तर बदलेना. शेवटी एका संध्याकाळी भाजी निवडताना तिने नवऱ्याला सांगितलं.

"मग लिही की," तो म्हणाला.

"सर आहेत अजून."

"म्हणून तर लिही. ते गेल्यावर लिहिलंस तर लोक म्हणतील, जिवंतपणी तोंड उघडायची छाती झाली नाही."

हे वाक्य तिला कापता आलं नाही. ती लिहायला बसली.

दुसऱ्यांचे निबंध मार्गी लावणं वेगळं आणि आपला लावणं वेगळं, हे तिला तेव्हा कळलं. जर्नलच्या सूचना तिला तोंडपाठ होत्या: ओळींना क्रमांक, आकृत्या वेगळ्या, संदर्भांत वर्ष कंसात, संपादकाला पत्र एका पानाच्या आत. ते सगळं तिने डोळे मिटून केलं. आलेख तर इतके नेटके काढले की संस्थेतला संगणकवाला म्हणाला, "बाई, हे फ्रेम करून लावा." अडलं एकाच वाक्यापाशी. जुना निष्कर्ष असा का आला होता, हे सांगणारं वाक्य. त्याच्याशिवाय निबंधाला अर्थ नव्हता, कारण कोणीही विचारणार, मग इतकी वर्षं दुप्पट कशी दिसली? आणि ते लिहायचं म्हणजे सरांच्या अख्ख्या आयुष्यावर हिरवी रेघ मारायची.

तिने ते वाक्य लांब लिहिलं, मग आखूड लिहिलं. एकदा तळटिपेत नेलं, एकदा कंसात टाकलं. 'तत्कालीन पद्धतींच्या मर्यादा लक्षात घेता' असं काहीतरी लिहून बघितलं, आणि दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर आपण त्याचं काय केलं असतं हे आठवून स्वतःच खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच: पूर्वीच्या मोजणीत चूक झाली होती, तुटलेल्या गांडुळांचे दोन्ही भाग मोजले गेले होते. परक्या भाषेत ते वाक्य बरंच सभ्य दिसत होतं.

सरांचं नाव लेखकांत घालणं भागच होतं. वाफे त्यांचे, बरण्या त्यांच्या. पहिलं नाव तिचं, दुसरं सरांचं. जर्नलचा नियम असा की निबंध त्यांच्या संकेतस्थळावर चढवला की प्रत्येक लेखकाला मेल जातो: मी हा निबंध वाचला आहे आणि तो मला मान्य आहे. सगळ्यांनी त्यावर होकार दिला की मगच तो संपादकाकडे सरकतो. एकाने जरी अडवला तरी तिथेच बसून राहतो.

तिने सरांना आधी छापील प्रत पोचवली आणि वाट बघत बसली. फोन केला की सर म्हणायचे, "वाचतोय." त्या वयाच्या माणसाला वाचायला वेळ लागतो हे खरं, पण सरांना लागत नाही हेही तिला माहीत होतं. इकडे निवृत्तीचा दिवस जवळ आला. तो उलटला की संस्थेतला तिचा मेल बंद होणार, आणि तिच्या मागे हा निबंध रेटायला कोणी नव्हतं. संचालकांचं तर पत्रक 'खणा आणि वाढवा'च होतं. हा निबंध कोठीतच राहिला तर त्यांना झोप चांगली लागली असती. सरांच्या होकारावाचून सगळंच पाण्यात.

शेवटी सरांचाच फोन आला. "ये," एवढंच म्हणाले.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, मागे गॅलरी असलेलं. कात्री विद्यार्थिनी असल्यापासून तिथे जायची. दार नेहमीप्रमाणे काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, उघडलं. "किती वाळलीस गं," म्हणाल्या. हे त्या दर वेळी म्हणत. त्या हिशेबाने कात्री एव्हाना दिसेनाशी व्हायला हवी होती. "बस, कॉफी टाकते," म्हणून त्या आत गेल्या.

सर टेबलाशी बसले होते. समोर तिची प्रत, शेजारी पेन्सिल. त्यांनी तिला पहिलं पान दाखवलं. एक स्वल्पविराम. चौथ्या पानावर आणखी एक. संदर्भयादीत एक वर्ष चुकलं होतं, ते दुरुस्त केलेलं. वर्ष खरंच चुकलं होतं. तिला क्षणभर शरम वाटली आणि पाठोपाठ बरंही वाटलं, की म्हातारा अजून वाचतो तसा वाचतो.

मग त्यांनी ते पान काढलं. वाक्याच्या शेजारी समासात पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं.

"हे असंच ठेवणार आहेस?"

"सर, मी पुष्कळ तऱ्हांनी लिहून बघितलं."

"बरण्या बघितल्यास म्हणतेस."

"सगळ्या. हव्या तर तुम्हीही बघा. मी घरी आणून देते."

"नको." सरांनी प्रत बंद केली. "तू चुकत नाहीस मोजताना." मग म्हणाले, "पण तुला एक सांगतो. ती मोजणी माझी नव्हती."

कात्रीला आधी समजलंच नाही. "मग कोणाची?"

सरांनी स्वयंपाकघराच्या दिशेने मान हलवली.

तेवढ्यात काकू कपांचा ट्रे घेऊन आल्या. "काय चाललंय दोघांचं?" कात्री काही बोलायच्या आत सर म्हणाले, "ती गांडुळं. तू मोजायचीस ना मागे गॅलरीत."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई! ती होय!" त्या ट्रे ठेवून खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि कात्रीकडे वळल्या. "तुला सांगते, लग्न नवीन होतं. लोकांचे नवरे गजरे आणतात, हे बादली आणायचे. मातीने भरलेली. मदतीला कोणी माणूस नव्हता ना तेव्हा यांना. मी आपली पांढऱ्या ताटात माती पसरून बसायची, एकेक निवडायची. सासूबाई म्हणायच्या, हात धुतलेस का? धुतले म्हटलं की म्हणायच्या, मग आणखी एकदा धू." त्या हसल्या. "पण मोजणी माझी एकदम चोख. हे परत मोजून बघायचे सुरुवातीला, कधी फरक पडला नाही. मग बघायचं सोडून दिलं त्यांनी."

काकूंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा कात्रीकडे पाहिलं. त्यांचं हसू मावळलं.

"का? चुकलीय का मोजणी?"

सर कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिले.

"चुकलीच असेल," काकू म्हणाल्या. "मला कुठे काय कळत होतं त्यातलं. घरकाम आटपून बसायची मी. डोळ्यांवर झापड यायची कधीकधी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "माझ्यामुळे काही घोटाळा झाला का हो तुमचा?"

कात्रीला राग आला. इतका, की कप तिने हातात घेतला तो तसाच खाली ठेवला. ज्या निबंधाने सरांचं नाव झालं त्यात या बाईचं नाव कुठे नव्हतं, आभारातसुद्धा नव्हतं. आभारात कुदळ पुरवणाऱ्या खात्याचं नाव होतं, तिने तो निबंध शंभरदा वाचला होता. आणि आज चूक निघाली तर मोजणी बायकोची. तिने मनाशी ठरवून टाकलं: सर आता गप्प बसले तर निबंध मागे घ्यायचा. पहिलं नाव गेलं खड्ड्यात. काकूंच्या माथी मारून तो छापायचा नव्हता. ती सरांकडे बघत राहिली, आणि तिच्या बघण्यात गुरूबद्दलचा आदर फारसा नव्हता.

सरांनी ते बघितलं की नाही कोण जाणे. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"तुझी नाही चुकली," ते बायकोला म्हणाले. "मी तुला काय सांगितलं होतं, आठवतं?"

"काय?"

"हलेल ते मोज."

"हो, तसंच तर मोजत होते. हलेल ते."

"दोन्ही तुकडे हलतात."

काकूंनी दोन बोटं वर केली. "म्हणजे एकाचे दोन धरले आपण?"

"हो."

"सगळीकडे?"

"जिथे खणलं होतं तिथे सगळीकडे."

"आणि मग तुमचं ते खणा आणि वाढवा?"

सरांनी हात उडवला. काकूंना हसू फुटलं, आणि फुटलं ते आवरेना. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, आणि मी एवढी हात धूत बसायची!" सरही हसले, पण जरा उशिराने आणि थोडंच. कात्रीला हसावं की रडावं कळेना. तिने कॉफी पिऊन टाकली.

मग तिने कामाचं बोलायचं ठरवलं, कारण तिला तेवढंच नीट जमायचं. आजच्या नियमाने ज्याने मोजणी केली तो लेखक, ती म्हणाली. तेव्हा काकूंचं नाव घालावं लागेल. तिसरं.

"आता?" काकू म्हणाल्या. "हे म्हणजे वरातीमागून घोडं. आणि लोक म्हणतील, हीच ती, जिला मोजता येत नव्हतं."

"तसं कोणी म्हणणार नाही. मी तसं लिहिणारच नाही."

"मला काय करावं लागेल?"

"तुम्हाला मेल आहे ना?"

"मुलीने काढून दिलाय. नातवाचे फोटो येतात त्यावर."

"त्यावरच एक मेल येईल. मी हा निबंध वाचला आहे आणि मला मान्य आहे, असं त्यात लिहिलेलं असेल. तिथे बोट दाबायचं, बस."

"पण मी कुठे वाचलाय?"

"काकू, खरं सांगू का? कोणीच वाचत नाही. सगळे नुसतं दाबतात."

"बाकीच्यांचं मला काय करायचंय? वाचलं म्हणायचं आणि वाचायचं नाही, हे कुठलं शास्त्र?" काकूंनी ट्रे बाजूला सारला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या. "मला ती भाषा येत नाही. तुम्हाला येते ना? मग वाचा. आपल्या भाषेत वाचा."

सरांनी कात्रीकडे पाहिलं. कात्री आपल्या वहीत काहीतरी शोधू लागली. सरांनी चष्मा चढवला, प्रत उघडली आणि वाचायला सुरुवात केली.

शीर्षकच काकूंना दोनदा सांगावं लागलं. गोषवारा झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढंसं सांगायला एवढं?" कात्रीला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी आपल्या गोत्राचं भेटल्यासारखं झालं. औषधाच्या पाण्याचं प्रमाण आलं तेव्हा काकूंनी मान डोलावली, त्या वासाची आठवण सांगितली. तक्ता आला तेव्हा म्हणाल्या, "आकडे नका वाचू, काय निघालं ते सांगा." सर सांगत गेले. सांगताना त्यांना रंगही चढला. एका जागी त्यांनी कात्रीला "हे छान काढलंयस" असं म्हटलं, आणि ती इतकी लाजली की तिलाच नवल वाटलं.

मग ते पान आलं. सरांचा आवाज बदलला नाही, फक्त वाचायचा वेग थोडा वाढला.

"'पूर्वीच्या मोजणीत चूक झाली होती. तुटलेल्या गांडुळांचे दोन्ही भाग मोजले गेले होते.' आता पुढे, नव्या मोजणीची पद्धत..."

"थांबा," काकू म्हणाल्या. "झाली होती म्हणजे?"

"म्हणजे झाली होती."

"आपोआप?"

"काकू, जर्नलमध्ये असंच लिहायची रीत आहे," कात्री घाईने म्हणाली. "ते वाक्य मीच लिहिलंय. सरांना उगाच..."

"तू गप्प गं जरा." काकूंचं लक्ष सरांवरच होतं. आवाज चढलेला नव्हता, त्या रागावलेल्याही दिसत नव्हत्या. "माझ्या हातून कप पडला की तुम्ही म्हणता, फोडलास. तुमच्या हातून पडला की म्हणता, फुटला. जन्मभर ऐकतेय मी. घरात चालवून घेतलं. पण यावर माझं नाव येणार आहे ना आता? मग मला हे मान्य नाही."

सरांनी प्रत जवळ ओढली. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि 'झाली होती'वर आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली नाही.

"'दुसऱ्या लेखकाने चूक केली,'" त्यांनी कात्रीला विचारलं, "असं चालेल?"

"चालेल, सर."

"दुसरा लेखक कोण?" काकूंनी विचारलं.

"मी."

"मग तसं म्हणा की."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. कागदाकडे न बघता, कात्रीकडेही न बघता, ते बायकोला म्हणाले, "मी चूक केली."

"हं," काकू म्हणाल्या. "पुढे वाचा."